साडेतीन हात आणि परस : आयुर्वेदीय शरीरप्रमाणातील एक प्रश्न

मनुष्यदेहाला ‘साडेतीन हातांचा देह’ म्हणण्याची मराठीत जुनी रूढी आहे. ती केवळ बोलण्याची लकब नव्हे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या शारीरस्थानात, ज्या अध्यायात वातादी प्रकृतींची लक्षणे येतात त्याच अध्यायात, स्वतःच्या साडेतीन हातांचे शरीर सुखाला व आयुष्याला पात्र ठरते, असे म्हटले आहे. हात २४ अंगुळांचा धरल्यास हे मान ८४ अंगुळे होते, आणि चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायाशी ते तंतोतंत जुळते.

चरकाने रोग्याची जी दशविध परीक्षा सांगितली, तीत प्रकृतीप्रमाणेच संहनन व प्रमाण यांचाही समावेश आहे. सांधे सुबद्ध असणे हे उत्तम संहननाचे लक्षण होय. प्रमाणात प्रत्येक अवयवाचे माप दिले आहे : जंघा १८ अंगुळे लांब, मांडी तितकीच, त्यांमधील गुडघा ४ अंगुळे लांब व १६ अंगुळे घेराचा. ही अंगुळे ज्याची त्याची. मुळशीच्या खोऱ्यातील उंचापुरा शेतकरी आणि पुण्याच्या पेठेतील ठेंगणा शास्त्री, दोघेही आपापल्या बोटांनी ८४ च भरावेत, अशी ही कल्पना आहे. म्हणजे हे माप उंचीचे नसून प्रमाणबद्धतेचे आहे.

सुश्रुत मात्र सूत्रस्थानाच्या ३५ व्या अध्यायात पुरुषाचे मान १२० अंगुळे देतो. चरकाचे सांधे २०० व सुश्रुताचे २१० हा भेद मोजणीच्या पद्धतीतून उद्भवू शकतो; ३६ अंगुळांचे अंतर तसे सुटत नाही. बाराव्या शतकातील टीकाकार डल्हण याने त्याचा उलगडा केला : हे माप चवड्यांवर उभे राहून हात वर केलेल्या मनुष्याचे आहे. या उलगड्याला बाहेरचाही आधार मिळतो. शुल्बसूत्रांत वेदीच्या मापनासाठी वापरलेला ‘पुरुष’ १२० अंगुळांचाच आहे. आणि विहिरीची खोली मोजण्याचा मराठीतील ‘परस’ हा हात उंचावलेल्या माणसाइतकाच, त्याच ‘पुरुष’ शब्दापासून आलेला.

तथापि डल्हणाचे समाधान पूर्ण मानता येत नाही. ८४ ला १२० हे प्रमाण जवळजवळ १ ला १·४३ पडते. प्रत्यक्षात चवड्यांवर उभ्या मनुष्याची वर केलेल्या हातांसह उंची सव्वापटीहून थोडीच अधिक भरते. यावरून १२० हा आकडा देह मोजून नव्हे, तर यज्ञवेदीच्या रूढ मापातून आला असावा, असे अनुमान निघते.

इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातील शरीरमापनावरील ग्रंथ १९५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. तेथे माप बाह्य व सर्वांना एकच, आणि शोध भेदांचा. चरकाचे माप ज्याच्या त्याच्या हातचे, आणि शोध समतेचा. एकाच्या कसोटीने दुसऱ्याला खोटे ठरविणे हा दोघांवरही अन्याय होईल.