रोमन अँफोरा : खापरांची ओळख व नोंद

मद्य, ऑलिव्ह तेल, मत्स्यरस यांच्या वाहतुकीसाठी रोमन जगात वापरलेला दोन कानांचा मातीचा कुंभ. उत्खननात तो अखंड क्वचितच मिळतो. काठ, कान किंवा बूड हाती आले, तर प्रकार ठरवता येतो. या प्रकारांसाठी हाइन्रिख ड्रेसेलच्या १८९९ च्या अँफोरा-तक्त्यातील क्रमांक आजही रूढ आहेत. त्यातील ‘ड्रेसेल २० ’ हा दक्षिण स्पेनमधील तेलाचा गोलाकार कुंभ; ‘ड्रेसेल २–४ ’ या मद्यकुंभाचा कान दोन दांड्या जोडल्यासारखा दिसतो.

पोटाच्या खापरांसाठी मातीच्या पोताचाच आधार. खापराची कड चिमट्याने किंचित तोडून ताजा छेद भिंगाखाली पाहतात. काळे, चकाकणारे ज्वालामुखीजन्य कण भरपूर असल्यास माती बहुधा नेपल्सच्या उपसागराकाठची.

नोंदीत स्थळ, थर, पोत, प्रकार, संख्या व वजन हवे. नुसती संख्या दिशाभूल करते, कारण एकाच कुंभाची असंख्य खापरे होतात. म्हणून काठाचा व्यास व त्याचा शिल्लक भागही मोजावा. शाईची अक्षरे आणि आतला राळेचा लेप धुण्याआधीच तपासावेत. घाईने घासलेले खापर निम्मा पुरावा गमावते.

भारतात अरिकामेडू, नेवासे येथे अँफोराची खापरे मिळाली आहेत. मात्र पश्चिम भारतातील रोमन मानलेली अनेक खापरे रोबर्टा टॉम्बर यांच्या फेरतपासणीत मेसोपोटेमियाकडील ‘टॉर्पेडो’ कुंभांची ठरली. त्यांना कान नसतात आणि आत डांबराचा काळा थर असतो.