धंदेवाईक गोल्फ खेळाडूचा उदय : धाकटा टॉम मॉरिस (१८५१–१८७५)

१

खेळांचा इतिहास हा विक्रमांच्या यादीपलीकडे क्वचितच जातो. वस्तुतः एखाद्या समाजात श्रमाचे मोल कोण ठरवितो, कौशल्याची मालकी कोणाकडे असते आणि मान व वेतन यांची फारकत कशी केली जाते, हे प्रश्न खेळाच्या मैदानावर जितके स्पष्ट दिसतात तितके ते कारखान्याच्या किंवा शेताच्या इतिहासातही नेहमी दिसत नाहीत. मैदानावर श्रीमंत आणि श्रमिक एकाच हिरवळीवरून चालतात. परंतु एक खेळण्यासाठी पैसे खर्च करतो, तर दुसरा खेळून पैसे मिळवितो. एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये या भेदास ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ अशी नावे मिळाली. प्रस्तुत लेखात धाकटा टॉम मॉरिस या गोल्फ खेळाडूच्या अल्पायुषी कारकिर्दीच्या आधारे धंदेवाईक खेळाडूच्या उदयाचा विचार करावयाचा आहे.

वयाच्या सतराव्या वर्षी अजिंक्यपद आणि चोविसाव्या वर्षी मृत्यू, अशा चरित्राभोवती दंतकथा जमावी हे स्वाभाविकच होय. अभ्यासकापुढील प्रश्न मात्र निराळा आहे. या तरुणाच्या उत्कर्षात परिस्थितीचा वाटा किती आणि त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वाचा किती? सुदैवाने या प्रकरणी तो वाटा काही अंशी आकड्यांनी मोजता येतो.

२

प्रथम परिस्थितीचा विचार करू. सेंट अँड्र्यूज येथे गोल्फ हा खेळ शतकानुशतके खेळला जात असला, तरी त्यावर उपजीविका करणारा वर्ग लहान होता. सद्गृहस्थांच्या काठ्या वाहणारे कॅडी, काठ्या व चेंडू बनविणारे कारागीर आणि मैदानाची निगा राखणारे नोकर, एवढाच त्याचा विस्तार. यांपैकी जे उत्तम खेळत त्यांच्यावर धनिक लोक पैजा लावीत. १८४९ साली ॲलन रॉबर्ट्सन व थोरला टॉम मॉरिस यांचा मसलबर्गच्या डन बंधूंशी जो प्रसिद्ध सामना झाला, तो ४०० पौंडांच्या पैजेचा होता. ही रक्कम खेळाडूंची नव्हे, तर त्यांच्या पाठीराख्यांची असे. जिंकल्यास खेळाडूच्या हाती काय पडावे हे आश्रयदात्याच्या मर्जीवर अवलंबून राही. तात्पर्य, कौशल्य खेळाडूचे, परंतु जोखीम आणि लाभ दुसऱ्याचे, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेला पहिला धक्का एका वस्तूने दिला, आणि ती वस्तू आशियातून आली. जुना चेंडू कातड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरून तयार करीत. दिवसभर खपून कारागिराच्या हातून जेमतेम तीन-चार चेंडू होत. रॉबर्ट्सनच्या दुकानात १८४४ साली २,४५६ चेंडू तयार झाले, हा त्या काळी मोठाच आकडा होता. मलाया द्वीपकल्पातील एका वृक्षाचा चीक म्हणजे गट्टापर्चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य विल्यम माँटगोमेरी यांनी १८४३ च्या सुमारास तो इंग्लंडातील विद्वानांच्या नजरेस आणला. १८४८ पासून त्याचे चेंडू गोल्फमध्ये आले. ते स्वस्त होते, टिकाऊ होते आणि बिघडल्यास पुन्हा वितळवून घडविता येत. पिसांच्या चेंडूवर पोट भरणाऱ्या रॉबर्ट्सनला हे संकट वाटले. त्याच्या हाताखाली शिकलेला थोरला मॉरिस मात्र नव्या चेंडूने खेळला. या कारणावरून दोघांचे बिनसले. विणकराच्या घरात जन्मलेला मॉरिस स्वतंत्र झाला आणि १८५१ साली, नुकत्याच स्थापन झालेल्या प्रेस्टविक क्लबच्या मैदानाचा रक्षक म्हणून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला. त्याच वर्षी २० एप्रिल रोजी सेंट अँड्र्यूज येथे जन्मलेला त्याचा मुलगा हाच प्रस्तुत लेखाचा नायक.

दुसरे कारण म्हणजे आगगाडी. ग्लासगो ते एअर हा लोहमार्ग १८४० मध्ये पूर्ण झाला होता आणि प्रेस्टविक त्याच मार्गावर वसले आहे. सेंट अँड्र्यूजला आगगाडी १८५२ मध्ये पोहोचली. गावोगावचे नामवंत खेळाडू एका ठिकाणी आणणे आता शक्य झाले. तिसरे कारण स्पर्धेची संस्था. १८५९ मध्ये रॉबर्ट्सनच्या निधनानंतर सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा प्रश्न उपस्थित झाला. त्याचा निर्णय करण्यासाठी प्रेस्टविक क्लबने १७ ऑक्टोबर १८६० रोजी स्पर्धा योजिली. तीत आठ खेळाडू उतरले. बारा होलच्या मैदानाच्या तीन फेऱ्या, म्हणजे एकूण ३६ होल, असे तिचे स्वरूप होते. तांबड्या मोरोक्को चामड्याचा, रुप्याने सजविलेला एक पट्टा हे बक्षीस होते. त्याची किंमत २५ पौंड होती. रोख रक्कम मात्र एक पेनीही नव्हती. खेळाडूंच्या प्रत्येक जोडीबरोबर फटके मोजण्यासाठी एक सद्गृहस्थ नेमलेला होता. धंदेवाईकाच्या कौशल्यावर विश्वास, परंतु त्याच्या शब्दावर अविश्वास, हा त्या काळचा दृष्टिकोन या लहानशा तपशिलातून पुरेपूर प्रकट होतो.

३

धाकट्या टॉमचे बालपण या स्पर्धेच्या अंगणातच गेले. थोरल्या मॉरिसने ती १८६१, १८६२, १८६४ व १८६७ अशी चार वेळा जिंकली. तथापि मुलाला त्याने कॅडींच्या घोळक्यात सोडले नाही, तर एअर ॲकॅडमीत घातले. व्यापारी व प्रतिष्ठित घराण्यांतील मुलांबरोबर झालेले हे शिक्षण पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १८६४ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने थोरल्या मॉरिसला वार्षिक ५० पौंड वेतनावर परत बोलाविले, तेव्हा मुलगा तेरा वर्षांचा होता. तीनच वर्षांनी, १८६७ मध्ये, कार्नुस्टी येथील स्पर्धेत त्याने विली पार्कसारख्या मुरब्बी खेळाडूंना मागे टाकले. २३ सप्टेंबर १८६८ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षात, त्याने प्रेस्टविकचा पट्टा जिंकला. दुसरा क्रमांक खुद्द त्याच्या वडिलांचा होता. इतक्या लहान वयात गोल्फची प्रमुख स्पर्धा जिंकण्याचा हा विक्रम आजही अबाधित आहे. १८६९ मध्ये तो पुन्हा जिंकला. त्या वर्षी आठव्या होलवर त्याने एकाच फटक्यात चेंडू आत घातला, आणि या स्पर्धेतील अशा प्रकारची ती पहिली नोंद मानली जाते. १८७० मध्ये तिसरा विजय मिळाला आणि सलग तीन वेळा जिंकणाऱ्यास पट्टा कायमचा मिळेल, या नियमान्वये तो त्याच्या घरी गेला.

आता आकड्यांकडे वळू. १८६० मध्ये विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला होता. १८७० मध्ये त्याच मैदानावर, तितक्याच होलसाठी धाकट्या मॉरिसला १४९ फटके पुरले. दहा वर्षांत २५ फटक्यांची सुधारणा झाली. परंतु ही सर्व सुधारणा एकट्या मॉरिसच्या नावे टाकणे योग्य होणार नाही. १८७० मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या डेव्ही स्ट्रॅथ व बॉब कर्क यांना प्रत्येकी १६१ फटके लागले. म्हणजे १८६० च्या विजेत्यापेक्षा हे पराभूत खेळाडूही १३ फटक्यांनी सरस होते. हा १३ फटक्यांचा फरक म्हणजे स्पर्धेच्या परंपरेने, सरावाने आणि मैदानाच्या सुधारलेल्या निगेने सर्वांच्या पदरात टाकलेले दान होय. उरलेले १२ फटके मात्र मॉरिसचे स्वतःचे. हवामान दरवर्षी सारखे नसते हे लक्षात घेता या भागाकाराला गणिती काटेकोरपणा देता येणार नाही. तरीही परिस्थिती व कर्तृत्व यांचे वाटे या उदाहरणात जवळजवळ सारखे आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

हे कर्तृत्व कशात होते? चेंडू सर्वांचा एकच होता. परंतु त्यापासून काय साधता येते हे मॉरिसने अधिक ओळखले. पिसांच्या चेंडूवर लोखंडी काठीचा तडाखा बसल्यास कातडे फाटे, म्हणून लोखंडी काठ्यांचा उपयोग अडचणीच्या जागीच करीत. गट्टापर्चाला ते भय नव्हते. गाडीच्या चाकोरीत रुतलेला चेंडू काढण्यासाठी असलेली लहान लोखंडी काठी मॉरिसने ध्वजाजवळ जाण्यासाठी वापरली; चेंडू उंच उडून पडल्या जागी थांबावा, असा फटका त्याने साधला. नवे साधन सर्वांच्या हाती येते. त्याचा नवा उपयोग मात्र एखाद्यालाच सुचतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासात वारंवार आढळणाऱ्या या सत्याचे हे एक नमुनेदार उदाहरण आहे.

४

पट्टा घरी गेल्यामुळे एक चमत्कारिक परिस्थिती उत्पन्न झाली. द्यावयास बक्षीस नाही म्हणून १८७१ साली स्पर्धाच भरली नाही. ज्या संस्थेने खेळाडूला मोठे केले तिलाच त्या खेळाडूने क्षणभर निरुत्तर केले. अखेर प्रेस्टविक, रॉयल अँड एन्शंट आणि एडिंबरोचा ऑनरेबल कंपनी हा क्लब या तिघांनी प्रत्येकी १० पौंड देऊन रुप्याची सुरई करविली आणि स्पर्धा आळीपाळीने तीन मैदानांवर भरविण्याचे ठरविले. ही सुरई कोणालाही कायमची मिळू नये, अशी दक्षताही घेण्यात आली. १८७२ मध्ये मॉरिसच पुन्हा जिंकला. सुरई तयार नसल्याने त्याला पदक देण्यात आले. परंतु तिच्यावर कोरलेले पहिले नाव त्याचेच आहे. लागोपाठ चार वेळा ही स्पर्धा जिंकणारा दुसरा खेळाडू आजवर झालेला नाही.

तथापि या कीर्तीचे आर्थिक मोल किती होते? १८६८ ते १८७० या वर्षांत विजेत्याला ६ पौंड मिळत, १८७२ मध्ये ८ पौंड. केवळ अजिंक्यपदावर कोणाचेही घर चालले नसते. मॉरिसने मैदानाच्या रक्षकाची नोकरी पत्करली नाही. आव्हानाचे व प्रदर्शनाचे सामने खेळणे हाच त्याने आपला व्यवसाय केला. त्याचा मित्र व प्रतिस्पर्धी स्ट्रॅथ हा कारकुनी सोडून या धंद्यात आला, ही गोष्ट अत्यंत बोलकी आहे. स्थिर व सभ्य समजली जाणारी नोकरी टाकून सुशिक्षित तरुण खेळावर निर्वाह करू पाहतो, याचा अर्थ ‘धंदेवाईक’ या शब्दाचा आशयच बदलू लागला होता. १८७२ मध्ये इंग्लंडातील हॉयलेक येथे धंदेवाईकांची मोठी स्पर्धा भरली, तीही मॉरिसनेच जिंकली. पूर्वीचा खेळाडू नोकर असून प्रसंगी खेळे. नवा खेळाडू प्रथम खेळाडू होता. मात्र क्लबच्या सभासदत्वाचे दार दोघांनाही सारखेच बंद होते. ज्यांच्या मैदानावर तो अजिंक्य ठरे, त्यांच्या पंक्तीला त्याला स्थान नव्हते.

५

१८७३ मध्ये टॉम किड व १८७४ मध्ये मंगो पार्क विजयी झाले. दुसऱ्या वर्षी मॉरिस अवघ्या दोन फटक्यांनी मागे राहिला. नोव्हेंबर १८७४ मध्ये खाणकामगाराची मुलगी मार्गारेट ड्रिनन हिच्याशी त्याचा विवाह झाला. सप्टेंबर १८७५ मध्ये नॉर्थ बेरिक येथे मॉरिस पितापुत्र पार्क बंधूंविरुद्ध खेळत असताना पत्नी प्रसूतिवेदनांनी अत्यवस्थ असल्याची तार आली. फोर्थची खाडी ओलांडून जाण्यासाठी एका सद्गृहस्थाने आपली नौका दिली. परंतु ते पोहोचण्यापूर्वीच माता व बालक दोघेही गतप्राण झाले होते. वर्षअखेरच्या कडाक्याच्या थंडीत, बर्फ पडलेल्या मैदानावर, मॉरिसने मोल्सवर्थ या हौशी खेळाडूशी अनेक दिवस चाललेला सामना खेळून जिंकला. २५ डिसेंबर १८७५ रोजी सकाळी तो मृतावस्थेत आढळला. फुप्फुसातील रक्तस्राव हे मृत्यूचे कारण होते.

भग्नहृदयाने त्याचा अंत झाला, ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. थोरल्या मॉरिसला ती मान्य नव्हती. तसे मरण येत असते तर मी स्वतः आज जिवंत नसतो, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या नावावर आहेत. पत्नी व सर्व अपत्ये यांच्यामागे राहून १९०८ पर्यंत जगलेल्या पित्याचे हे म्हणणे इतिहासकाराने मनावर घ्यावे असे आहे. दंतकथेमुळे मॉरिस प्रेमी म्हणून अमर होतो. परंतु शोकाकुल मनाने व ढासळत्या प्रकृतीने हिमवर्षावात खेळणारा श्रमिक म्हणून तो दृष्टीआड होतो.

सेंट अँड्र्यूजच्या प्राचीन कॅथीड्रलच्या आवारात १८७८ मध्ये त्याचे स्मारक उभारण्यात आले आणि साठ गोल्फ संस्थांनी त्यासाठी वर्गणी दिली. जिवंतपणी सभासद होऊ न शकणाऱ्या धंदेवाईकाला मरणोत्तर मिळालेली ही मान्यता होय. जिवंतांना ती मिळण्यास बराच काळ लागला. १९०१ मध्ये जे. एच. टेलर प्रभृतींनी धंदेवाईकांची संघटना स्थापन केली. १९२० च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत टोलेडो येथील इनव्हर्नेस क्लबने आपले सभागृह धंदेवाईकांना खुले केले, तेव्हा त्या घटनेचे अप्रूप वाटावे अशीच स्थिती होती.

भारतात गोल्फ याच भेदासह आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ मध्ये आणि मुंबईचा १८४२ मध्ये, म्हणजे प्रेस्टविकच्याही आधी, स्थापन झाला. परंतु काठ्या वाहणारा आणि खेळणारा यांतील अंतर येथे वर्णभेदाने अधिकच रुंदावले होते. कॅडींच्या कुटुंबातून आलेले व स्वतः कॅडी असलेले अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय धंदेवाईक खेळाडू होत. भारतीय कॅडी व धंदेवाईक खेळाडू यांच्या इतिहासाचे संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने मॉरिसच्या उदाहरणातून एक पद्धत अवश्य घ्यावी. प्रथम साधन, दळणवळण व संस्था यांचा हिशेब मांडावा. त्यातून जे उरेल तेच व्यक्तीच्या नावे जमा करावे. मॉरिसच्या बाबतीत असा कठोर हिशेब केल्यावरही बारा फटके शिल्लक राहतात, आणि त्याच्या थोरवीचा खरा पुरावा तोच आहे.