मांजराचे केस, मेंढीची लोकर

मार्को पोलोच्या प्रवासवृत्तात कोंबड्यांविषयी जेमतेम तीन वाक्ये आहेत. चीनच्या आग्नेय भागातल्या फूजियान प्रदेशातील एका शहराचे वर्णन करता करता तो सांगतो की, इथे एक नवल आहे. इथल्या कोंबड्यांना पिसे नसतात, मांजरासारखे केस असतात. त्या संपूर्ण काळ्या असतात, आपल्याकडच्या कोंबड्यांप्रमाणेच अंडी घालतात आणि खायला उत्तम लागतात. एवढे सांगून तो पुढच्या गावाला निघून जातो.

आज जगभर जिला 'सिल्की' म्हणतात आणि हौशी लोक जी परसात पाळतात, त्या कोंबडीचा युरोपीय वाङ्मयातला हा पहिला उल्लेख मानला जातो. मऊ, रेशमासारखा पिसारा. काळी त्वचा, काळे मांस, काळी हाडे. पायाला चाराऐवजी पाच बोटे. कानाच्या पाळ्या निळसर. आणि स्वभावाने इतकी गरीब की लहान मुलांच्या मांडीवर निवांत बसून राहील. कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत तिच्यावर पुष्कळ मजकूर सापडतो. आम्हांला मात्र तिच्या इतिहासात रस वाटतो तो एका निराळ्या कारणाने. एक साधी उपमा सातशे वर्षांत कुठून कुठे जाते आणि शेवटी एका जित्या प्राण्याच्या अंगावर कशी उतरते, हे इथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

पोलोचा मजकूर १२९८ साली जेनोवाच्या कैदेत सांगितला गेला आणि पिसाच्या रुस्तिकेल्लोने तो लिहून घेतला. रुस्तिकेल्लो राजे-सरदारांच्या अद्भुत कथा लिहिणारा. त्यामुळे या वृत्तांतातले 'नवल' कोणाचे, प्रवाशाचे की लेखनिकाचे, हा प्रश्न अभ्यासकांना नेहमीच पडत आला आहे. कोंबड्यांच्या बाबतीत तर तो मजेदार वळण घेतो. फ्रेंच-इटालियन मिश्रभाषेतल्या जुन्या पाठात पोलो ही गोष्ट सरळ विधान म्हणून सांगतो. पुढे १५५९ साली रामूझिओने सिद्ध केलेला इटालियन पाठ प्रसिद्ध झाला. त्यात मात्र प्रवाशाने या कोंबड्या स्वतः पाहिलेल्या नाहीत, त्या असल्याचे त्याने केवळ ऐकले आहे. विल्यम मार्सडेनने १८१८ मध्ये या पाठावरून इंग्रजी भाषांतर केले आणि तीच शंका इंग्रजी वाचकांपर्यंत पोचली. म्हणजे एका पाठात डोळ्यांनी पाहिलेले, ते दुसऱ्या पाठात कानांवर आलेले! लेखकाची अब्रू राखण्यासाठी पाठच जणू मागे सरकला आहे. वास्तविक या ठिकाणी बचावाची काहीएक गरज नव्हती. कोंबडी खरी होती.

पोलोनंतर एका पिढीने ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन साधू त्याच प्रदेशात गेला. त्याचा मार्ग मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा आहे. १३२१ साली ठाण्याला मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंच्या अस्थी त्याने आपल्याबरोबर घेतल्या आणि समुद्रमार्गे चीनमधल्या झायतून बंदरातील आपल्या पंथाच्या मठात पोचवल्या. तिथून तो फूचौकडे गेला आणि तिथे त्याला कोंबड्या दिसल्या: बर्फासारख्या पांढऱ्या, पिसे नसलेल्या, अंगावर मेंढीसारखी लोकर असलेल्या. हा वृत्तांत त्याने १३३० मध्ये पादुआ येथे सांगून लिहविला. पुढे हेन्री यूल या स्कॉटिश लष्करी अभियंत्याने, ज्याची नोकरी बंगालकडे झाली होती, ओदोरिक (१८६६) आणि पोलो (१८७१) हे दोघेही संपादून इंग्रजीत आणले. दोन साक्षी शेजारी ठेवल्या की एक काळी सांगतो, दुसरा पांढरी. एकाला मांजर आठवते, दुसऱ्याला मेंढी. हा विरोध खोटेपणाचा पुरावा वाटण्याचा संभव आहे. पण सिल्की काळी असते तशी पांढरीही असते. रंग पिसाऱ्याचा, काळेपणा कातडीच्या आतला.

दोघांच्याही वाक्याची घडण पाहावी. 'पिसे नाहीत, केस आहेत' किंवा 'पिसे नाहीत, लोकर आहे.' आपल्या अलंकारशास्त्राच्या भाषेत ही निव्वळ उपमा राहिलेली नाही, ती अपन्हुतीकडे झुकली आहे: उपमेयाचा निषेध करून त्या जागी उपमानाची स्थापना. आणि घोटाळा झाला तो या निषेधात. कारण ती पिसेच आहेत. सामान्य पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू फुटलेले असतात, त्या तंतूंना आणखी बारीक उपतंतू, आणि त्यांवर सूक्ष्म आकडे. हे आकडे एकमेकांत अडकतात म्हणून पिसाचे सपाट, वारा कापणारे, पाणी झटकणारे पाते तयार होते. सिल्कीच्या पिसांत ही आकड्यांची पकड नसते. तंतू सुटे राहतात आणि लांबून केसांसारखे दिसतात. यामागचा जनुकीय बदल २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नेमका दाखवला गेला.

चिनी परंपरेने या पक्ष्याकडे पाहिले ते दुसऱ्या टोकाने. तिथे त्याचे नाव 'वूगूजी', म्हणजे काळ्या हाडांची कोंबडी. नाव पिसांवरून पडले नाही, हाडांवरून पडले. ली शिझेनने १५७८ मध्ये पुरा केलेल्या आणि १५९६ मध्ये नानजिंगला छापल्या गेलेल्या 'बेन्त्साओ गांगमू' या औषधिग्रंथात अशा कोंबड्यांचे प्रकार दिले आहेत: पिसे पांढरी व हाडे काळी, पिसे काळी व हाडे काळी, ठिपकेदार पिसांच्या, मांस आणि हाडे दोन्ही काळी असलेल्या. शिवाय एक खूण दिली आहे. कोंबडीची जीभ काळी असेल तर मांस आणि हाडे दोन्ही काळी समजावीत, आणि औषधाला तीच अधिक चांगली. प्रवाशाला जिथे नवल दिसले तिथे वैद्याला परीक्षेची रीत हवी होती. चोच उघडून जीभ पाहणाऱ्या माणसाला मांजर किंवा मेंढी आठवण्याचे कारण नाही. ज्यांगशी प्रांतातल्या ताईहे येथील कोंबड्यांची दहा लक्षणे तिकडे मोजली जातात. रेशमी पिसे हे त्या दहांतले केवळ एक.

युरोपात मात्र उपमाच पुढे चालत राहिली. बोलोन्याच्या आल्द्रोवांदीने आपल्या पक्षिग्रंथाच्या दुसऱ्या खंडात (१६००) लोकरवाल्या कोंबडीची नोंद घेतली. अठराव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये एक कोंबडी आणि एक ससा यांच्या सहवासाची चर्चा गाजत होती. त्यांच्यापासून केसाळ पिल्ले निपजतील अशी आशा लोकांना वाटू लागली होती. रेओम्यूरसारख्या नामांकित शास्त्रज्ञाने अंडी उबवण्याच्या कलेवरील आपल्या ग्रंथात (१७४९) या प्रकरणाची गंभीरपणे दखल घेतली, अंडी उबवून पाहिली. अपेक्षित चमत्कार घडला नाही. तरीही नेदरलँड्समध्ये सिल्की विकताना ती ससा आणि कोंबडी यांची संतती असल्याचे गिऱ्हाइकाला सांगत असत, अशी हकिकत कुक्कुटपालनाच्या पुस्तकांतून वारंवार येते. म्हणजे उपमेची अपन्हुती झाली आणि अपन्हुतीचा भ्रांतिमान. एकाने 'मांजरासारखी' म्हटले, दुसऱ्याने 'मेंढीसारखी', आणि तिसऱ्याने सशाला बापच करून टाकले. (वर्गात अलंकार शिकवताना इतके सोयीचे उदाहरण आम्हांला पूर्वी सापडले नव्हते.)

हा गोंधळ निवळला तो कोंबड्या प्रत्यक्ष पाळणाऱ्यांमुळे. डार्विनने काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी सिल्की कोंबडी यांचा संकर केला. त्यातला एक कोंबडा वाढत्या वयाबरोबर रानकोंबड्यासारखा तांबडा, झळझळीत झाला, आणि हे निरीक्षण त्याने १८६८ च्या ग्रंथात पूर्वजांच्या गुणांकडे परतण्याचा दाखला म्हणून दिले. सशाचा बाप गळून पडला आणि जंगलातला खरा पूर्वज पुढे आला. बेटसन आणि पनेट यांनी १९११ मध्ये दाखवले की, नर सिल्की की मादी सिल्की यावर पिल्लांतला काळेपणा बदलतो. त्या काळेपणामागची जनुकीय उलथापालथ २०११ मध्ये उलगडली. तीच आपल्याकडच्या कडकनाथमध्येही आढळते. झाबुआच्या भिल्ल-भिलाल्यांच्या अंगणातल्या या कोंबडीला 'कालीमासी' असेही म्हणतात; हे नावसुद्धा चिनी नावाप्रमाणे आतले पाहूनच पडलेले. तिची पिसे इतर कोंबड्यांसारखी आहेत, म्हणून कोणा प्रवाशाला तिच्यात मांजर दिसले नाही. असो.

पाळणाऱ्याची भाषा वेगळी असते, कारण त्याला उपमेचा खर्च सोसावा लागतो. केस म्हणा की लोकर, आकडे नसलेले पीस पाणी अडवत नाही. पावसात सापडलेली सिल्की कातडीपर्यंत भिजते आणि गारठते. तिला पुसून कोरडी करून उबेला ठेवावी लागते. पंखांतल्या पिसांनाही सलग पाते नसल्याने तिला उडता येत नाही, तेव्हा खुराड्यातला बसण्याचा दांडा जमिनीपासून हात-दीड हात उंचीपेक्षा वर बांधून उपयोग नाही. पुष्कळ सिल्की दांड्यावर चढतच नाहीत, कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर रेलून झोपतात. म्हणून खालचा पेंढा कोरडा राखणे हेच मुख्य काम. पायांवरही पिसे असल्याने चिखल तिथे वाळून बसतो. दाट पिसाऱ्यात कीड लपते, तेव्हा आठवड्याला एकदा तरी हातात घेऊन पिसे फुंकरून पाहावी लागतात. दांडगट जातींबरोबर ती ठेवली तर चाऱ्यापाशी मागे पडते आणि टोचे खाते.

अंडी वर्षाला सुमारे शंभर, मलईच्या रंगाची, आकाराने लहान. याचे एक कारण असे की ती वारंवार खुडूक बसते. व्यापारी कोंबड्यांतून निवड करून करून हा गुण जवळजवळ घालवला गेला आहे. सिल्कीत तो शाबूत राहिला. तिच्याखाली बदकाची ठेवा, फेझंटची ठेवा, ती उबवते. इंग्लंडमधल्या शिकारराखणदारांनी फेझंटची अंडी उबवण्यासाठी सिल्कीचा आणि तिच्या संकरांचा उपयोग केला तो यासाठीच. कोंबडीच्या अंड्यांना एकवीस दिवस लागतात, बदकाच्या अंड्यांना साधारण अठ्ठावीस. तेवढे दिवस ती दाणापाण्यापुरतीच उठते, आणि पाळणाऱ्याने तिला दिवसातून एकदा उचलून पाण्याजवळ ठेवले नाही तर कधी कधी तेवढ्यासाठीही उठत नाही.

प्रदर्शनांचा इतिहास मात्र आम्हांला अस्वस्थ करतो. अमेरिकेतल्या कुक्कुटसंघटनेने जातींची प्रमाणलक्षणे १८७४ मध्ये ग्रंथरूपाने बांधली तेव्हा सिल्की त्यांत होती. तेव्हापासून पैदास करणाऱ्यांनी डोक्यावरचा झुपका अधिकाधिक मोठा, अधिकाधिक गोल करत नेला. प्रवाशाच्या लेखणीतून निघालेली मांजर-मेंढीची उपमा आता निवडीने प्रत्यक्ष घडवली जाऊ लागली. कोंबडी लोकरीच्या गुंडीसारखी दिसावी म्हणून कोंबडी बदलली गेली. या झुपक्याखाली अनेक सिल्कींची कवटी घुमटासारखी फुगलेली असते आणि तिथले हाड पुरते जुळलेले नसते. दुसऱ्या कोंबडीचा एक नेमका टोचा मेंदूला इजा करू शकतो. आणि झुपका डोळ्यांवर येतो, तेव्हा तिला समोरचा दाणा दिसत नाही, वरून येणारी घार दिसत नाही. कोणी अचानक हात लावला की ती दचकते.

म्हणून जे केवळ हौसेने पाळतात ते संध्याकाळी, कोंबड्या सुस्तावल्यावर, एकेकीला मांडीवर घेतात आणि बोथट टोकाच्या लहान कात्रीने डोळ्यांभोवतीची पिसे कापतात. कापताना नव्याने फुटणारी, दांड्यात अजून रक्त असलेली पिसे टाळायची असतात. प्रदर्शनात नेणारे कापत नाहीत. ते झुपका मऊ रबराने वर बांधतात आणि परीक्षकासमोर नेण्यापूर्वी सोडतात.