कुंपणभिंतीची उंची : महाराष्ट्र आणि गोव्यातील नियम

घराभोवतीच्या कुंपणभिंतीसंबंधी देशभर लागू असणारा एकच नियम नाही. जमीन हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत असल्याने बांधकामाच्या तरतुदी राज्यागणिक बदलतात. सिंधुदुर्ग जिल्हा आणि उत्तर गोव्याच्या सीमेवर हा फरक विशेषत्वाने जाणवतो. दोन्हीकडे जांभा दगड तोच आणि पाऊसही तोच. परंतु बांद्याकडे नियमात बसणारी भिंत पत्रादेवीचा नाका ओलांडताच नियमबाह्य ठरू शकते.

महाराष्ट्रात बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता २०२० साली मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार, विशेष परवानगीखेरीज कुंपणभिंतीची कमाल उंची १.५ मीटर असते. ही उंची अंगणातून नव्हे, तर समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजली जाते. कोकणातील उताराच्या जमिनीत ही बाब निर्णायक ठरते. भूखंड रस्त्याच्या खाली असल्यास आतून भिंत भरपूर उंच दिसते. वर असल्यास तीच भिंत गुडघ्याएवढीही उरत नाही. वरचा ०.९ मीटर भाग जाळी अथवा गजांचा, म्हणजे आरपार दिसणारा ठेवल्यास एकूण उंची २.४ मीटरपर्यंत नेता येते. कोपऱ्यावरील भूखंडास मात्र चौकापासून दोन्ही बाजूंस १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरच ठेवावी लागते. वळणावर समोरून येणारे वाहन दिसावे, हा त्यामागील हेतू आहे.

गोव्यात २०१० सालचे भूविकास व इमारत बांधकाम विनियम वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांसह अंमलात आहेत. तेथे रस्त्याकडील बाजू आणि इतर बाजू यांत भेद करण्यात आला आहे. रस्त्यालगत भरीव भिंत केवळ ०.९ मीटर चालते. त्यावर जाळीदार भाग धरून एकूण उंची १.५ मीटर. इतर बाजूंस मात्र १.८ मीटरपर्यंत भरीव भिंत बांधता येते. अर्थात रस्त्याकडील दीड मीटरची सलग चिरेबंदी भिंत महाराष्ट्रात वैध, गोव्यात अवैध. याउलट शेजाऱ्याच्या बाजूस १.८ मीटरची भरीव भिंत गोव्यात चालते, महाराष्ट्रात तिला विशेष परवानगी हवी. रस्त्यावरून घर दिसावे आणि शेजाऱ्यापासून आडोसाही मिळावा, अशी गोव्याच्या नियमाची भूमिका दिसते. ती अधिक समंजस म्हणावी लागेल.

पूर्वी कोकणात बहुधा रचीव दगडांचा गडगा किंवा झाडाझुडपांची वई असे. त्यांतून पाणी झिरपून जाई आणि माणसालाही वाट काढता येई. सिमेंटच्या भिंतीने दोन्ही अडतात. म्हणूनच गोव्यात परवानगी देताना पारंपरिक पायवाट बंद करू नये आणि पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवू नये, अशा अटी घातल्या जातात. गावांतील तक्रारी अनेकदा उंचीच्या नसून याच दोन कारणांच्या असतात.

भिंत कोणाच्या जमिनीवर उभी आहे, हे इमारत नियम ठरवीत नाहीत. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून घ्यावी लागते आणि वाद उरल्यास दिवाणी न्यायालयात जावे लागते. बांधकाम परवाना हा मालकीचा पुरावा नव्हे.

खाजगीपणाचा प्रश्नही स्वतंत्र आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १८ मध्ये रूढीजन्य सुविधाधिकार मान्य करण्यात आले आहेत. शेजाऱ्याच्या खाजगीपणाचा भंग होईल अशी नवी खिडकी काढू नये, ही एखाद्या गावची रूढी असू शकते, असे उदाहरणही त्या कलमात दिले आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८८ साली गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात अशा रूढीस मान्यता दिली होती. मात्र हा हक्क सर्वत्र आपोआप लागू होत नाही. आपल्या गावी तशी रूढी चालत आली आहे, हे तक्रारदारालाच सिद्ध करावे लागते. ते न जमल्यास शेजाऱ्याच्या खिडकीवर उपाय एकच : नियमात बसेल तेवढ्या उंचीची स्वतःची भिंत.