प्रावरणी

टाच दुखू लागली की डॉक्टर ‘प्लांटार फॅशिया’चं नाव घेतात. लॅटिनमध्ये फॅशिया म्हणजे गुंडाळायची पट्टी. ‘फॅसिझम’ही त्याच कुळातला, त्याच्या मुळाशी ‘फॅसिस’, म्हणजे मोळी. आपली ‘प्रावरणी’ आली संस्कृत ‘प्रावरण’वरून: पांघरायचं वस्त्र. मला हाच शब्द अधिक नेमका वाटतो, कारण स्नायूंना वेढणारं हे कोलॅजनयुक्त आवरण अंगभर सलग पसरलेलं असतं. मात्र वस्त्र म्हटलं म्हणून ते लेचंपेचं समजू नये. हस्तोपचारांवरच्या २००८ मधल्या एका गणिती अभ्यासात दिसलं, की तळपायाची प्रावरणी १ टक्का दाबायलाही नेहमीच्या शारीरिक मर्यादेपलीकडचं बल लागतं. मालिशने बरं वाटतं, हे खरंच. पण ‘तळपायाची प्रावरणी हाताने ताणून सैल केली’ असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.