विंडोज सर्च इंडेक्सिंग: हवा तो प्रोग्राम पटकन कसा सापडेल?

विंडोज सर्च इंडेक्सिंग म्हणजे कॉम्प्युटरमधील फाइल्स, ईमेल आणि प्रोग्रामच्या शॉर्टकटची आधीच करून ठेवलेली सूची. पुस्तकात एखादा शब्द शोधताना सगळी पाने न उलटता शेवटची सूची पाहिली जाते, तसेच हे काम चालते. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून स्टार्ट मेनूमध्येच शोधाची चौकट मिळू लागली.

इंडेक्सिंग बंद करावे का?

'इंडेक्सिंग बंद करा, कॉम्प्युटर सुसाट पळेल' अशी टीप सोशल मीडियावर नेहमी फिरते. जुन्या हार्ड डिस्कवर सूची तयार होत असताना कॉम्प्युटर मंदावतो, हे खरे आहे. पण सूचीच नसेल, तर फाइल शोधताना विंडोजला प्रत्येक फोल्डर नव्याने चाळावा लागतो. त्यामुळे इंडेक्सिंग बंद करण्यापेक्षा सूची आटोपशीर ठेवणे फायद्याचे.

मायक्रोसॉफ्टच्या माहितीनुसार सूचीत ४ लाखांहून अधिक नोंदी झाल्या की वेग कमी होऊ शकतो, तर १० लाखांपुढे सूची बिघडू शकते.

सूची आटोपशीर कशी करावी?

१. स्टार्ट मेनूमध्ये 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' शोधून उघडा. किती नोंदी झाल्या आहेत, तो आकडा वरच दिसतो.

२. 'मॉडिफाय'वर क्लिक करा. 'स्टार्ट मेनू'समोरची खूण तशीच राहू द्या. प्रोग्रामचे शॉर्टकट याच फोल्डरमध्ये असतात.

३. जुने बॅकअप, हजारो फोटो किंवा प्रोग्रामिंगच्या प्रोजेक्टचे फोल्डर यांपैकी जिथे शोधायची गरज पडत नाही, त्यांच्यासमोरची खूण काढा. फाइल्स डिलीट होत नाहीत, फक्त सूचीतून वगळल्या जातात. आउटलुक वापरत असाल, तर त्याची खूण काढू नका. नाहीतर जुने ईमेल शोधणे अवघड होईल.

४. 'ॲडव्हान्स्ड'मधील 'फाइल टाइप्स'मध्ये प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी दोन पर्याय असतात: फक्त नाव, तारीख यांसारखी माहिती नोंदवणे किंवा आतला मजकूरही नोंदवणे. पहिल्या पर्यायाने सूची लहान राहते.

प्रोग्राम आहे, पण सर्चमध्ये दिसत नाही?

इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या, म्हणजे पोर्टेबल प्रोग्रामच्या बाबतीत असे हमखास होते. त्यांचा शॉर्टकट स्टार्ट मेनूच्या फोल्डरमध्ये नसतो. त्यासाठी 'वर्ड'सारख्या आधीच्या एखाद्या प्रोग्रामचे नाव स्टार्टमध्ये शोधा, त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. उघडलेल्या फोल्डरमध्ये नव्या प्रोग्रामचा शॉर्टकट ठेवा. शॉर्टकटला लक्षात राहील असे छोटे नाव दिले, तर तेच नाव टाइप करून तो शोधता येतो.

सगळे करूनही चुकीचे निकाल येत असतील तर

'ॲडव्हान्स्ड'मधील 'रीबिल्ड' वापरा. जुनी सूची पुसली जाऊन नवी तयार होते. फाइल्स जास्त असतील तर याला काही तास लागू शकतात आणि तोवर निकाल अपुरे दिसतात. म्हणून लॅपटॉप चार्जिंगला लावून हे काम रात्री सुरू करणे सोयीचे.