खुशालीचं कार्ड

स्मरणिकेसाठी लेख मागताना संयोजक म्हणाले, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहितील, तू काहीतरी वेगळं लिही." मी इंजिनिअरिंग केलं, वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये गेली. इतिहास दहावीनंतर सुटला. तरीही इतिहासावरच लिहिते आहे. चुका बाईंनी नेहमीसारख्या लाल शाईने दाखवाव्यात.

गेल्या डिसेंबरात कंपनीच्या व्हिडिओ कॉलवर इंग्लंडमधल्या एका सहकाऱ्याने त्याच्या आजोबांचं नाताळाचं कार्ड दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली कैरोच्या छावणीतून घरी पाठवलेलं. हाताच्या पंजाएवढा काळापांढरा फोटो. त्यात पिरॅमिड, एक उंट आणि खाली चार ओळी. "कार्डाचा फोटो कशाला काढला?" मी विचारलं. तो म्हणाला, "हा फोटो हेच कार्ड."

मग मी शोध घेतला. या पद्धतीला एअरग्राफ म्हणत. युद्धामुळे समुद्रमार्ग धोक्याचे झाले, टपाल पोचायला महिने लागू लागले आणि विमानात जागा थोडी. म्हणून सैनिकाने ठराविक कागदावर लिहायचं, त्याचा बारीक फिल्मवर फोटो घ्यायचा, फिल्मचं रीळ विमानाने न्यायचं आणि तिकडे पुन्हा कागदावर छापून घरोघरी वाटायचं. सोळाशे पत्रांचं वजन पन्नास पौंड, म्हणजे साडेबावीस किलोच्या आसपास. तीच पत्रं फिल्मवर पाच औंसांत, दीडशे ग्रॅमच्या आत बसत. एप्रिल १९४१ मध्ये कैरोहून ही सेवा सुरू झाली. १९४२ मध्ये ती भारतापर्यंत आली, १९४४ मध्ये इटलीपर्यंत. आम्ही आज फाइल 'झिप' करतो, तीच युक्ती.

कौतुक संपल्यावर मनात आलं, त्याच वाळवंटात आणि त्याच इटलीत आपलेही लोक होते. त्यांच्या घरी काय येत होतं?

पहिल्या महायुद्धापासून सुरुवात करते. १९१४ च्या नाताळात राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पितळी डबी आणि शुभेच्छांचं कार्ड वाटलं गेलं. हिंदी सैनिकांचाही त्यात विचार होता. शिखांना तंबाखूऐवजी खडीसाखर आणि मसाला दिला गेला. पण ते कार्ड सैनिकाला आलेलं. त्याला स्वतः घरी लिहायचं तर अडचण होती. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. कुणा साक्षर सोबत्याला मजकूर सांगायचा, तो लिहिणार, मग सेन्सॉरचा अधिकारी वाचणार. फ्रान्समध्ये बूलोन इथे हिंदी सैनिकांची पत्रं तपासणारं खास कार्यालय होतं. तिथे इंग्रजीत उतरवून घेतलेले मजकूर लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. मूळ पत्रं घरोघरी गेली आणि काळाच्या ओघात बहुतेक हरवली.

शिवाय एक छापील कार्ड होतं. त्यावर तयार वाक्यं असत: मी बरा आहे, मला इस्पितळात दाखल केलं आहे, तुमचं पत्र मिळालं. लागू नसलेली खोडायची आणि खाली सही-तारीख घालायची. एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड फाडून टाकत. कुठे आहे, कधी येणार, काही नाही. फक्त खुशाली.

हे वाचताना मला आमची शेजारीण मावशी आठवली. नारळी पौर्णिमा झाली की तिचा नवरा वेरावळच्या बोटीवर खलाशी म्हणून जाई, तो पावसाच्या तोंडावर परत. मी सहावीत होते. बाईंनी वर्गात पत्रलेखन शिकवताना सांगितलं होतं, "आधी खुशाली, मग बाकीचं." मावशी पंधरा पैशांचं पोस्टकार्ड घेऊन माझ्यासमोर बसली. त्या आठवड्यात तिचा धाकटा तापाने फणफणला होता. मी ते लिहायला घेतलं तर तिने हात धरला. "ते नको. सगळं बरं हाय, इतकंच लिव." मी लिहिलं, 'सर्व कुशल'. मग तिनेच विचारलं, "तिकडं त्याला वाचून कोन दावंल?" मला उत्तर देता आलं नाही. पोरगा वाचला, पण तो प्रश्न माझ्याजवळ राहिला.

नाईक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, पळसगावचे. मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात सोबतचे सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले, ती ताब्यात घेतली आणि तिथेच गोळी लागून पडले. वय बावीस. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्यांची कबर माहीत नाही; कासिनोच्या स्मारकावर नाव आहे आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारलं. १९४४ च्या नाताळात युरोपातून असंख्य कार्डं निघाली. पळसगावच्या त्या घरी एवढा मोठा सन्मान पोचला होता, पण 'मी बरा आहे' हे तीन शब्द आता कधीच येणार नव्हते.

म्हणून आता आपल्याबद्दल. चारोटी नाक्यावरून कुणी वापीला, कुणी बोईसरला, कुणी मुंबईला, कुणी परदेशी गेलं. आपल्या ग्रुपवर दिवाळीला आणि नाताळाला शेकडो शुभेच्छा पडतात, बहुतेक पुढे ढकललेल्या. आणि आपल्याच तुकडीतला मागच्या बाकावरचा एक मित्र वारल्याचं आपल्याला आठ महिन्यांनी कळलं. त्या काळात मीही तीन वेळा फुलांची चित्रं टाकली होती. त्याच्याकडून उत्तर नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आज आपल्यावर ना सेन्सॉर आहे, ना वजनाची अट. या डिसेंबरात प्रत्येकाने एकाला, निदान एकाच सरांना किंवा बाईंना, स्वतःच्या हाताने चार ओळी लिहाव्यात. सुरुवात बाईंनी शिकवली तशीच करू: आधी खुशाली, मग बाकीचं. मात्र पोरगं तापलेलं असेल तर तेही लिहू. वाचून दाखवणारं कुणी मधे नाही.

सर्व गुरुजनांना नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही कसे आहात?